कृपया धक्का मारू नये

गाडी बंद पडली तेव्हा तिचं तोंड रस्त्यावर होतं आणि बूड सोसायटीत. त्यामुळे ती नेमकी कुणाच्या हद्दीत बंद पडली, यावरच पहिला वाद झाला. सेक्रेटरींचं म्हणणं, इंजिन रस्त्यावर आहे, म्हणजे प्रकरण नगरपालिकेचं. वरच्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, ड्रायव्हर अजून सोसायटीत बसलाय, म्हणजे प्रकरण आपलं. ड्रायव्हर म्हणजे आई. तिला मात्र कुणी काही विचारलंच नाही.

सगळे बोलत होते बाबांशी.

"साहेब, पेट्रोल आहे ना?"

"साहेब, बॅटरी बघा. नक्की बॅटरी."

"साहेब, जोरात सेल्फ मारा. एकदम!"

साहेब शेजारच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसले होते. ज्या माणसाला सायकलसुद्धा येत नाही आणि जो बॉनेट आणि डिकी यांतला फरक दिव्यांच्या रंगावरून ओळखतो, त्यानं अशा वेळी काय करावं? बाबांनी मान डोलावली आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "बघतो." मग हळूच आईकडे वळून, "अगं, सेल्फ म्हणजे काय?"

हे सगळं चौकशी फुटपाथवर उभी राहून बघत होती. चौकशी हे काही तिचं नाव नव्हे. लहानपणी ती दिवसभर इतके प्रश्न विचारायची की घरात तिला 'चौकशीची खिडकी' म्हणायला लागले. पुढे खिडकी गळली आणि चौकशी उरली. ती बाहेर उभी होती याचं कारण, गाडीत सीटच दोन होत्या. घरात माणसं तीन असताना आईनं दोन सीटची, लाल, चौकशीपेक्षाही वयानं मोठी स्पोर्ट्‌स कार कशी काय घेतली, हे गणित तिला सुटलेलं नव्हतं. आईच्या ऑफिसातल्या साहेबांनी ती विकायला काढली, आईनं एक चक्कर मारली आणि घरी येऊन "घेतली" एवढंच सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी बाबा त्या दुसऱ्या सीटवर बसून ऑफिसला जायचे. चौकशीची पाळी येणार होती रविवारी. आणि आज गाडी गेटमध्ये ठाण मांडून बसलेली!

आईनं पुन्हा किल्ली फिरवली. मागून कुठूनतरी 'घूंऽऽ' असा बारीक आवाज आला, थांबला. मग सेल्फ: 'खर्र खर्र खर्र'. इंजिन काही पेटेना. पेट्रोलचा मात्र असा घमघमाट सुटला की तळमजल्याच्या काकू नाकाला पदर लावून बाहेर आल्या. "स्वयंपाकघरापर्यंत वास येतोय हो! काडी ओढायची भीती वाटते!"

"धक्का!" वरचे काका गरजले.

आता धक्का मारण्यात माणसाला नेमकं काय सुख मिळतं, हा अभ्यासाचा विषय आहे. एरवी लिफ्टचं दार धरायला ज्यांच्या जिवावर येतं, ती माणसं बंद गाडी दिसली की बाह्या सरसावून धावत येतात. सहा-सात जणांनी मिळून गाडी मागे ढकलली. ढकलली म्हणजे भिरकावलीच. ती पार्किंगच्या जागेत शिरली आणि भिंतीलगतच्या सिमेंटच्या कठड्यावर 'धप्प' करून आपटली. बाबांचा डबा उघडला. बाकी सगळं, निदान तेव्हा वाटलं तरी, ठीक होतं.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. सेक्रेटरी निवृत्त होते आणि सोसायटीची नियमावली त्यांना तोंडपाठ होती. बरीचशी त्यांनीच लिहिलेली असल्यामुळे हे फारसं अवघड नव्हतं.

"साहेब," ते बाबांना म्हणाले, "नियम असा आहे. जे स्वतःच्या ताकदीवर हलत नाही ते वाहन नव्हे, सामान. आणि पार्किंगमध्ये सामान ठेवायला मनाई आहे."

"गाडी माझी आहे," आई म्हणाली.

"हो हो, वहिनी. म्हणूनच साहेबांना सांगतोय."

आईला राग आला की ती ओरडत नाही. ती अगदी स्वच्छ, टाइप केल्यासारखं बोलते. "रविवारी सकाळी तुमच्या कमिटीला खाली बोलवा. ही गाडी इंजिनाच्या जोरावर गेटबाहेर जाऊन परत आली नाही, तर भंगारवाल्याच्या हवाली करा. मी एक शब्द बोलणार नाही."

सेक्रेटरी खूश होऊन गेले. दार लागल्यावर आई सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "हे मी का बोलले?"



*

पुढचे दिवस सल्ल्यांचे होते. सल्ले जिन्यात मिळाले, लिफ्टमध्ये मिळाले, दूध घ्यायला दार उघडलं तर तिथेही मिळाले. एकानं सांगितलं, जुन्या गाड्यांना सकाळची थंडी बाधते, रात्री वर गोधडी घाला. दुसऱ्यानं सांगितलं, गोधडी मुळीच घालू नका, इंजिन घुसमटतं. बाबांनी तडजोड म्हणून अर्ध्या गाडीवर गोधडी घातली. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, त्यांच्या भावाची गाडी अशीच बंद पडली होती. "मग कशी सुरू झाली?" चौकशीनं विचारलं. "सुरू कुठली होतेय! विकली." अशा अनुभवी माणसांचा केवढा आधार असतो!

वरच्या काकांचं निदान रोज बदलायचं, पण आत्मविश्वास तोच राहायचा. बॅटरी नवी घातली, तरी गाडी ढिम्म. मग ते म्हणाले, "मी म्हणतच होतो, बॅटरी नाहीच आहे." आणि प्रत्येक निदानाच्या शेवटी त्यांचा हात आपोआप गाडीच्या पाठीवर जायचा. "एकदा धक्का मारून बघू?" बघायचे. गाडी दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे आणि कठड्यावर धप्प.

शेवटी गॅरेजवाला आला. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि बाबांना विचारलं, "कोणी दिली तुम्हाला ही?" त्या आवाजात इतकी सहानुभूती होती की बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

पण माणूस कामाचा होता. त्यानं एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि आईला सेल्फ मारायला सांगितलं. काही नाही. "करंटच येत नाही," तो म्हणाला. मग प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत बारीक तडा गेला होता आणि मधली वायर हिरवी पडली होती.

"पण करंट पाहिजेच कशाला?" चौकशीनं मान आत घातली.

"मग पेट्रोल पेटणार कसं? ठिणगी नको?"

"म्हणजे त्या दिवशी पेट्रोल होतं, ठिणगी नव्हती?"

"हां."

"म्हणून वास येत होता?"

गॅरेजवाल्यानं बाबांकडे पाहिलं. "साहेब, शाळेला सुट्टी आहे का हिच्या?"

नवीन झाकण आलं, नवी वायर आली. प्लग पुन्हा टेकवला आणि आईनं किल्ली फिरवताच अशी निळी, टचकन तुटणारी ठिणगी उडाली की चौकशी "आई गं!" करून मागे सरली आणि लगेच "पुन्हा! पुन्हा!" करत पुढे आली. एवढीशी ती ठिणगी, आणि तिच्यावर अख्खी गाडी पळते! शाळेत विजेचा धडा झाला होता, त्यात आकृती होती, बाण होते, सगळं होतं. हा 'टच्च' असा आवाज तेवढा नव्हता.

प्लग लावला. सगळे मागे सरकले. आईनं सेल्फ मारला.

'खर्र खर्र खर्र.'

"आता पेट्रोल ओढणारा पंप गेला," गॅरेजवाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी पंप खोलला, बॅटरीला थेट वायर जोडली, तर पंप मस्त पळायला लागला. परत गाडीत बसवला, तर गप्प. फ्यूज तपासले, चांगले. पुन्हा खोलला, पळाला. पुन्हा बसवला, गप्प. गॅरेजवाल्यानं पाना खाली ठेवला. "ताई," तो पहिल्यांदाच आईशी बोलला, "ही गाडी नाही, ही सासू आहे. सगळ्यांसमोर धडधाकट, घरात आली की आजारी. मला नाही जमायचं." आणि तो गेला.

शनिवार उजाडला. आईनं गाडीवरची अर्धी गोधडी काढली, नीट घडी केली आणि वर निघून गेली. बाबा तिच्या मागे गेले. चौकशी तिथेच, सिमेंटच्या कठड्यावर बसून राहिली. उद्या ही लाल वस्तू दोरानं ओढत नेणार. आणि आपण हिच्यात बसलो ते फक्त उभी असताना. रडू येण्यासारखीच गोष्ट होती, पण रडू येण्याआधी तिला एक प्रश्न आला.

आज वास कसा नाही?

ती उठली आणि थेट काकूंच्या दारात. "काकू, पेट्रोलचा वास कधीपासून येत नाहीये?"

"कधीपासून म्हणजे?" काकू विचारात पडल्या. एवढ्या आस्थेनं त्यांच्या तक्रारीची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. "त्या गेटातल्या दिवशी आला. डोकं दुखलं माझं. नंतर... नंतर नाहीच गं आला."

"पण सेल्फ तर रोज मारतोय. गॅरेजवाल्यानं किती मारला!"

"आवाज येतो मेला. वास नाही."

चौकशी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत घरात शिरली. "आई, तो घूं कुठे गेला?"

"कोण?"

"घूं! किल्ली फिरवली की मागून घूं व्हायचं, आणि मग गाडी सुरू. गेटमध्ये पण झालं होतं, मी ऐकलंय. तो पंप ना? तेव्हा पंप चालू होता आणि ठिणगी नव्हती. आता ठिणगी आहे आणि पंप गप्प आहे. म्हणजे आजार दोन आहेत! पहिला गॅरेजवाल्यानं बरा केला. दुसरा मधेच झालाय. गेटमधून पार्किंगमध्ये जाईपर्यंत!"

"तेवढ्यात काय झालं?" बाबांनी विचारलं. "तेवढ्यात तर फक्त धक्का मारला."

"आणि?"

"आणि माझा डबा सांडला."

"का सांडला?"

"गाडी आपटली म्हणून."

चौकशी आईकडे वळली. "आई, आपटल्यावर गाडीत काय बंद पडतं?"

आईच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच हवेत थांबला. आई विमा कंपनीत होती, अपघाताच्या क्लेम विभागात. कुठली गाडी कुठे ठोकली, काय मोडलं, काय वाचलं, याची कागदपत्रं वर्षानुवर्षं तिच्या टेबलावरून जात होती. ती हळूहळू, पाठ म्हटल्यासारखं म्हणाली, "'धडकेमुळे सुरक्षा खटका उडून इंधनपुरवठा आपोआप खंडित झाला, सबब आग लागली नाही.'" कप टेबलावर आपटला. "हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलंय! शेकडो वेळा शिक्का मारलाय त्याच्यावर! आणि तो खटका असतो कुठे, हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नाही!"

"मी विचारलं असतं," चौकशी म्हणाली.

"ठाऊक आहे गं बाई."

खटका कुठे असेल याच्या शोधात सगळी दुपार गेली. डिकी झाली, सीटखाली झालं. मग आई म्हणाली, काही गाड्यांत तो शेजारच्या माणसाच्या पायाशी, गालिच्याच्या मागे असतो म्हणे. शेजारची जागा बाबांची, म्हणून शोधायचा मानही बाबांचा. ती गाडी इतकी बुटकी की पायाशी पोचायला त्यांना डोकं खाली आणि पाय सीटच्या पाठीवर असं जावं लागलं. नेमके तेव्हाच सेक्रेटरी तिथून गेले. सीटच्या पाठीवरचे दोन मोजे त्यांनी क्षणभर पाहिले.

"साहेब आहेत का?" त्यांनी विचारलं.

"बघतो," आतून आवाज आला.

आणि मग बाबा ओरडले, "बटण आहे! वर आलंय! लाल टोपीवालं!"

"दाबा!"

"मी? दाबू? काही होणार नाही ना?"

"बाबा!"

'टक्.' आईनं किल्ली फिरवली. मागून, अगदी शहाण्या मुलासारखं, 'घूंऽऽ'. चौकशीच्या अंगावर काटा आला. मग सेल्फ, अर्धा 'खर्र', आणि इंजिन असं गुरगुरत उठलं की पार्किंगमधल्या तीन स्कूटरचे अलार्म वाजायला लागले. खिडक्या उघडल्या. काकू आनंदानं ओरडल्या, "वास आला! वास आला!" वरचे काका चपला न घालताच धावत खाली आले. "शाब्बास! मी म्हणतच होतो!" आणि त्यांनी गाडीच्या पुढच्या पत्र्यावर, बाबांच्या सीटच्या बाजूला, कौतुकाची एक सणसणीत थाप मारली.

गाडी बंद पडली.

बाबांनी पुन्हा डोकं खाली घातलं. "बटण वर आलंय," आतून आवाज आला.

वय झाल्यावर माणसं हळवी होतात तसा तो खटकाही झाला होता. कुणी जरा जोरात हात लावला की त्याला वाटायचं, झाला अपघात! चौकशीला तिथल्या तिथे सगळं उलगडलं आणि ती हसत सुटली. म्हणजे दर वेळी ज्यांनी ज्यांनी मदत केली, त्यांनी त्यांनीच गाडी बंद ठेवली होती! तिनं वहीचा मोठा कागद फाडला, जाड पेननं 'कृपया धक्का मारू नये. थापही मारू नये' असं लिहिलं आणि काचेवर चिकटवलं. वरचे काका तो वाचून जरा रुसलेच.

*

रविवारी कमिटी खाली उतरली. सेक्रेटरींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी परस्पर बोलावलेला भंगारवालाही दोर घेऊन हजर होता आणि गाडीकडे खाटकानं बकऱ्याकडे पाहावं तसा पाहत होता.

आई बसली. बाबांनी स्वतःहून सीट सोडली आणि चौकशीला म्हणाले, "तू बस." पण सेक्रेटरींनी हात आडवा केला. "परीक्षा चालू असताना प्रवासी नको."

घूं. खर्र. गुर्रर्र! कमिटीतल्या एकानं चक्क टाळी वाजवली आणि सेक्रेटरींनी पाहताच हात खिशात घातले. गाडी डौलात निघाली, वळली, गेटजवळ आली. आणि गेटजवळ होता स्पीड ब्रेकर.

हा स्पीड ब्रेकर सेक्रेटरींनी जातीनं उभं राहून बांधून घेतला होता. सिमेंट उरलं तर वाया जाऊ नये म्हणून ते सगळं तिथेच ओतलं होतं. त्याला स्पीड ब्रेकर म्हणणं म्हणजे टेकडीला पायरी म्हणणं. पुढची चाकं चढली, उतरली आणि गाडीचं पोट 'धाड' करून त्यावर बसलं.

इंजिन बंद.

"संपलं!" सेक्रेटरी म्हणाले. भंगारवाल्यानं दोर उलगडला. आणि कमिटीच्या, वरच्या काकांच्या, सगळ्या भल्या माणसांच्या बाह्या आपोआप वर जाऊ लागल्या. "धक्का! चला, धक्का!"

"हात लावू नका!"

चौकशी दोन्ही हात पसरून गाडीमागे उभी राहिली होती. एवढ्या मोठ्या माणसांवर ती आजवर कधी ओरडली नव्हती, आणि आवाज इतका खणखणीत निघाला की तिलाच जरा मजा वाटली. "कुणीही हात लावायचा नाही! इंजिनाच्या जोरावर म्हणजे इंजिनाच्याच जोरावर. गाडी बिघडलेली नाहीये. तिला वाटलंय अपघात झालाय, म्हणून तिनं स्वतःच पेट्रोल बंद केलंय."

"बंद म्हणजे बंद," सेक्रेटरी म्हणाले. "कारणं नियमात नाहीत."

आईनं काच खाली केली. आवाज तोच, स्वच्छ, टाइप केलेला. "बरोबर आहे. पण हा खटका फक्त अपघातात उडतो. म्हणजे सोसायटीच्या हद्दीत, त्या बांधकामामुळे, आत्ता अपघात झालाय, आणि कमिटी साक्षीदार आहे. मी क्लेम विभागात आहे, मला हे कागद रोज करावे लागतात. बांधकाम कुणाच्या देखरेखीखाली झालं, तिथे तुमचं पूर्ण नाव लिहू ना?"

सेक्रेटरींनी स्पीड ब्रेकरकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तो जरा उंच वाटला.

"वहिनी," ते म्हणाले. साहेबांना वगळून, थेट वहिनींना. "अपघात कसला? गाडी... गाडी विचार करायला थांबली असेल."

"मग थांबलेली गाडी पुढे जाऊ द्या."

आई वाकली. 'टक्.' घूं. गुर्रर्र! गाडी स्पीड ब्रेकरवरून मांजरीसारखी अलगद उतरली, बाहेर गेली, वळून तितक्याच अलगद परत आली. भंगारवाल्यानं दोर गुंडाळला आणि जाता जाता बाबांना विचारलं, "विकायची झाली तर सांगा. भंगारात नाही. मला स्वतःला."

आता सगळं संपायला हवं होतं. पण सेक्रेटरी गाडीभोवती घुटमळत राहिले. खाकरले. "कमिटीतर्फे आतून पाहणी करायला हवी. चालू स्थितीत. ते बटण वगैरे." आणि नको नको म्हणेपर्यंत ते आईशेजारी जाऊन बसलेसुद्धा. गाडी गेली. बराच वेळ गेली. परत आली तेव्हा सेक्रेटरींचे उरलेले केस सरळ उभे होते आणि इस्त्रीच्या सदऱ्याची पार वाट लागली होती.

"काय ठरलं?" कमिटीनं विचारलं.

"वाहन आहे," सेक्रेटरी म्हणाले. डोळे चमकत होते. "वाहनच आहे. पण एका फेरीत सगळं नीट लक्षात येत नाही. आणखी एक..."

चौकशीनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "काका, उतरा."

"अगं, पाहणी..."

"उतरा. आता मी."

ते उतरले. चौकशी त्या सीटमध्ये खोल, खोल बसली. रस्ता एवढ्या जवळ, की हात खाली घातला तर हाताला लागेल. आईनं गिअर टाकला. झाडं, दुकानं, माणसांचे गुडघे मागे पळायला लागले आणि चौकशी नुसती ऐकत राहिली. इंजिन पुढे गुरगुरत होतं, त्यात निळ्या ठिणग्या टचटच उडत असतील, एकीमागून एक, मोजता येणार नाहीत इतक्या.

मग तिची नजर डॅशबोर्डवर गेली. तिथे एक बटण होतं. वरचं चित्र घासून पुसलं गेलेलं.

"आई, हे कशाचं?"

"ठाऊक नाही. हात लावू न..."

तोवर तिनं दाबलं होतं.

बॉनेटवर 'कर्रर्र' असा आवाज झाला आणि डाव्या बाजूचा पत्रा उचलून आतून एक दिवा वर आला, बेडकासारखा टकामका बघत. उजवा आलाच नाही. भर उन्हात गाडी एका डोळ्यानं रस्ता निरखत धावू लागली.

आईनं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून ती त्या एका दिव्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"उजवा का नाही आला?" तिनं विचारलं.

पण शेजारची सीट रिकामी होती. चौकशी केव्हाच खाली उतरून, रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून, उजव्या पत्र्याला कान लावून ऐकत होती.